टँक बॅग कशी निवडावी आणि कशी वापरावी

मोटरसायकलवर सामान ठेवायला जागा मोजक्याच असतात आणि त्यांपैकी स्वाराच्या डोळ्यांसमोर, हात पोहोचेल अशा अंतरावर असलेली जागा एकच, ती म्हणजे पेट्रोलच्या टाकीचा माथा. मागच्या सीटवर बांधलेले सामान उघडायचे म्हटले की गाडी उभी करा, उतरा, दोऱ्या सोडा असा सगळा व्याप होतो. टाकीच्या माथ्यावर बसवायच्या टँक बॅगेतला चष्मा किंवा कागदपत्रे मात्र गाडी थांबवल्यावर सीटवरून न उतरता काढता येतात. शिवाय हे वजन दोन्ही चाकांच्या मध्ये, गाडीच्या गुरुत्वमध्याजवळ पडते. मागच्या चाकाच्याही मागे लटकणाऱ्या जड सामानाने पुढचे चाक हलके होऊन हँडल डळमळू लागते, तसे येथे होत नाही.

परंतु हँडल याच जागेवरून फिरते, स्वाराचे पोट आणि छाती याच जागेकडे झुकते, पेट्रोलचे झाकण येथेच उघडते आणि मीटरकडे जाणारी नजरही येथूनच जाते. म्हणून बॅगेत किती मावते हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी हँडल, मग शरीर, मग टाकी आणि त्यानंतर सामान, हा क्रम पाळला तर निवड सहसा चुकत नाही.

हा क्रम मी स्वतः उशिरा शिकलो. एका चढावरच्या अरुंद वळणावर गाडी वळवताना मी हँडल उजवीकडे पूर्ण फिरवले आणि त्याच क्षणी इंजिन बंद पडले. 22 लिटरची बॅग काठोकाठ भरलेली होती आणि तिचा पुढचा कोपरा उजव्या मुठीजवळच्या किल स्विचवर, म्हणजे इंजिन तत्काळ बंद करणाऱ्या बटणावर, दाबला गेला होता. गाडी पहिल्या गिअरमध्ये, वेग जेमतेम पायी चालण्याइतका आणि उतार उजव्या बाजूला. पाय टेकवायला गेलो तर जमीन हवी तिथे नव्हतीच आणि गाडी आडवी झाली. मला इजा झाली नाही, ब्रेकचा लिव्हर मात्र वाकला. बॅग घेतली तेव्हा मी ती गाडीवर बसवून, हँडल फिरवून पाहिली होती, पण रिकामी. भरलेली बॅग चारही बाजूंनी फुगते आणि रिकामेपणी जो कोपरा स्विचपासून तीन बोटे दूर असतो, तोच भरल्यावर त्यावर टेकतो, हे तेव्हा लक्षात आले नव्हते.

विकत घेण्यापूर्वीचे मोजमाप

बॅग हातात येण्यापूर्वीच बरेचसे मोजमाप घरी करता येते. उत्पादक बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची देतात. त्या मापांचे पुठ्ठ्याचे खोके शोधावे किंवा जुळवावे, आत टॉवेल कोंबावा, म्हणजे ते दबत नाही, आणि टाकीवर बॅग जेथे येईल तेथे ठेवावे. गाडी मधल्या स्टँडवर असावी किंवा कोणीतरी ती सरळ धरावी. मग प्रवासात घालतो तेच हातमोजे घालून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. उजव्या टोकाला किल स्विच, स्टार्टरचे बटण आणि ॲक्सिलरेटरची मूठ पाहावी. डाव्या टोकाला हॉर्न, इंडिकेटर आणि क्लचचा लिव्हर पाहावा. मूठ आणि खोके यांच्यात अंगठा अडकत असेल, तर तेवढी मोठी बॅग त्या गाडीवर चालणार नाही. ॲक्सिलरेटर पिळून सोडावा आणि तो आपोआप पूर्ण मागे येतो की नाही हे हँडलच्या दोन्ही टोकांना तपासावे, कारण बॅगेला घासून अर्धवट उघडी राहिलेली मूठ ही किल स्विच दाबला जाण्यापेक्षाही घातक गोष्ट आहे.

त्यानंतर सीटवर बसून पाहावे. जोराचा ब्रेक लागल्यावर शरीर पुढे सरकते, म्हणून मुद्दाम टाकीपर्यंत पुढे सरकून खोके पोटात रुतते का ते पाहावे. खराब रस्त्यावर फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभे राहून गाडी चालवण्याची सवय असेल, तर उभे राहून, गुडघे किंचित वाकवून पुढे झुकावे. उंच बॅग नेमकी या स्थितीत आडवी येते. स्पोर्ट प्रकारच्या गाडीवर तर हनुवटी टाकीजवळ जाते, तेथे 4-5 लिटरच्या बसक्या बॅगेपलीकडे विचार करू नये. शेवटी नेहमीच्या बैठकीत बसून मीटर दिसतो का हे बघावे, आणि केवळ वेगाचा आकडा नव्हे, तर तेलाच्या दाबाचा व तापमानाचा इशारा देणारे दिवेही दिसले पाहिजेत.

टाकीचा आकारही पाहिला पाहिजे. बहुतेक टाक्यांचा माथा मध्यभागी उंच आणि कडांना उतरता असतो. अशा टाकीवर सपाट, ताठ तळाची बॅग उलट्या परातीवर ठेवलेल्या पाटासारखी डुगडुगते. खोगिरासारखा दोन्ही बाजूंना उतरणारा मऊ तळ किंवा झाकणाभोवतीच्या कड्यावर बसणारी बॅग, हे त्यावरचे दोन उपाय आहेत.

टाकीवर धरून ठेवण्याचे प्रकार

चुंबकाची बॅग सर्वांत सोपी. तिच्या दोन्ही बाजूंना खाली उतरणाऱ्या पाखांमध्ये शिवलेले लोहचुंबक पोलादी टाकीला धरतात; ठेवली की बसली, उचलली की निघाली. मात्र टाकी खरोखर पोलादी आहे का, हे आधी तपासावे. अनेक गाड्यांमध्ये जी टाकी दिसते ती प्रत्यक्षात वरचे प्लॅस्टिकचे आवरण असते, आणि काही गाड्यांची टाकी ॲल्युमिनियमची असते. दोन्हींवर चुंबक धरत नाही. फ्रिजच्या दारावर लावतात तसला छोटा चुंबक पातळ कापडात गुंडाळून टाकीच्या माथ्यावर, दोन्ही बाजूंना आणि पुढच्या भागात लावून पाहावा. माथा पोलादी आणि बाजू प्लॅस्टिकच्या, असेही आढळते, आणि बॅगेचे पाखे तर बाजूंवरच यायचे असतात.

चुंबकाच्या बॅगेचा एक अवगुण दुकानात कोणी सांगत नाही. ही बॅग जमिनीवर ठेवू नये. मातीत आणि रस्त्याकडेच्या धुळीत लोखंडाचा बारीक कीस असतो. बॅग एकदा खाली ठेवून उचलली, की पाख्याच्या कडेला तो काळ्या लवेसारखा उभा राहिलेला दिसतो. तो हाताने झटकून जात नाही, नुसता इकडून तिकडे सरकतो. तसेच बसवले तर पाखा आणि रंग यांच्यामध्ये तो कीस दिवसभर इंजिनच्या थरथरीने घासत राहतो आणि संध्याकाळी टाकीवर बारीक ओरखड्यांचे गोल उमटलेले असतात. रुंद चिकटपट्टी पाख्यावर दाबून ओढली की हा कीस तिच्याबरोबर निघून येतो. मी चिकटपट्टीची एक लहान गुंडाळी यासाठीच बॅगेत ठेवतो.

चुंबकांबाबत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. पेसमेकर किंवा तत्सम उपकरण शरीरात बसवलेल्या व्यक्तीने शक्तिशाली चुंबक त्या उपकरणापासून किमान 15 सेंटीमीटर दूर ठेवावेत, असा वैद्यकीय सल्ला असतो. बॅग उचलताना आपण ती सहज छातीशी धरतो, म्हणून अशा स्वाराने चुंबकाचा प्रकार टाळणेच योग्य. चुंबकीय पट्टीची कार्डे पाख्याजवळच्या कप्प्यात ठेवू नयेत. फोनमधला होकायंत्र चुंबकाजवळ चुकीची दिशा दाखवतो, हेही ध्यानात ठेवावे.

पट्ट्यांची बॅग कोणत्याही टाकीवर बसते आणि नीट बांधली तर भक्कम राहते. पुढचा पट्टा हँडलच्या मधल्या खांबाभोवती आणि मागचे पट्टे सीटखालच्या चौकटीला बांधतात. येथे घाई करू नये. पुढचा पट्टा क्लचची केबल, ब्रेकची नळी किंवा विजेच्या तारांचा जुडगा यांना वेढत नाही, हे टाकीखाली टॉर्च धरून पाहावे. वरून सगळे ठीक दिसते आणि आत पट्ट्याने केबल ओढलेली असते. पट्टा बांधल्यावर हँडल दोन्ही टोकांना फिरवून त्याला ओढ बसते का पाहावे. इंजिन चालू ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये असताना हँडल फिरवल्यावर इंजिनाचा आवाज वाढला, तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जात आहे असे समजावे आणि पट्टा सोडून पुन्हा बांधावा. पट्ट्यांची उरलेली शेपटे गुंडाळून रबरी कड्यात किंवा वेल्क्रोत अडकवावीत. मागचे मोकळे शेपूट चेनपर्यंत पोहोचू शकते. नायलॉनचा पट्टा ओला झाल्यावर किंचित सैल पडतो, म्हणून पाऊस सुरू झाल्यावर पहिल्या थांब्याला तो पुन्हा ओढून घ्यावा.

तिसरा प्रकार झाकणाभोवतीच्या कड्याचा. टाकीच्या झाकणाभोवतीचे काही स्क्रू काढून त्यांच्या जागी एक कडे बसवतात आणि बॅगेच्या तळाचा खटका त्यात अडकतो. पेट्रोल भरताना एक दोरी ओढली की बॅग सुटते. रंगाला बॅगेचा स्पर्श जवळजवळ होत नाही, टाकी प्लॅस्टिकची असली तरी चालते, आणि वाऱ्याने किंवा खड्ड्याने बॅग सरकण्याचा प्रश्न उरत नाही. लांब प्रवास नेहमी करणाऱ्याने खर्च थोडा अधिक करून हाच प्रकार घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन गोष्टी मात्र आधी पाहाव्या लागतात. हे कडे प्रत्येक गाडीला वेगळे असते, कारण स्क्रूंची संख्या आणि त्यांची मांडणी वेगळी असते. म्हणून आपल्या गाडीचे नाव आणि निर्मितीचे वर्ष जुळवूनच ते घ्यावे. दुसरे असे की खटक्यामुळे बॅग टाकीपासून काही सेंटीमीटर वर उचलली जाते, तेव्हा पुठ्ठ्याचे खोके ठेवून मोजताना खाली तेवढीच जाडी घ्यावी.

कडे स्वतः बसवायचे असल्यास स्क्रू एकेक करून काढावा, म्हणजे झाकणाखालचे रबर हलत नाही. झाकणाभोवती दिसणारे सगळेच स्क्रू खरे नसतात, काही निव्वळ शोभेचे असतात. ते जोर लावून फिरवू नयेत. झाकण उघडल्याखेरीज एखादा स्क्रू हाती येत नसेल, तर आधी टाकीच्या तोंडात स्वच्छ, धागे न सुटणारे कापड कोंबावे, कारण टाकीत पडलेला स्क्रू काढणे हे फार कष्टाचे काम आहे. नवे स्क्रू हाताने पूर्ण बसवून मगच एलन कीने (षटकोनी किल्लीने) अलगद, समोरासमोरचे दोन असे आळीपाळीने कसावेत. त्या कड्याजवळ पावसाचे पाणी वाहून जाण्याचे छोटे छिद्र असते, ते बुजता कामा नये.

रबरी चोषकांनी चिकटणाऱ्या बॅगाही मिळतात. धुळीत आणि थंडीत त्यांची पकड सुटते, त्यामुळे त्यांच्यावर मी विसंबत नाही.

कापड, शिवण आणि पाऊस

कापडाच्या लेबलवर 600, 1000 किंवा 1680 डेनिअर असे आकडे दिसतात. 9000 मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे डेनिअर. म्हणजे आकडा वाढतो तसा धागा जाड होतो. मात्र बॅग फाटते ती बहुधा कापडावर नव्हे, तर शिवणीवर आणि झिपच्या टोकांशी. म्हणून बॅग उलटसुलट करून पट्टे जेथे जोडलेले आहेत तेथे शिवण दुहेरी किंवा चौकटीची आहे का पाहावे, आणि झिप वळणावर न अडखळता एका हाताने सरकते का ते अजमावावे. झिपच्या सरकपट्टीला हातमोज्याने पकडता येईल एवढी लांब दोरी असावी. आतले अस्तर फिकट रंगाचे असेल तर काळोखात किल्ली चटकन सापडते. ही बाब लहान वाटते, पण काळ्या अस्तरात हरवलेली वस्तू पावसात उभे राहून शोधावी लागली की तिचे मोल कळते.

जलरोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅगा दोन जातींच्या असतात. ज्यांच्या शिवणी उष्णतेने सांधलेल्या असतात आणि तोंड गुंडाळून बंद होते, त्या मुसळधार पावसातही आत पाणी येऊ देत नाहीत, पण घडोघडी उघडायला त्या गैरसोयीच्या पडतात. दुसऱ्या साध्या शिवणीच्या असतात आणि त्यांच्यावर वेगळी पावसाळी टोपी चढवायची असते. ही टोपी कोरड्या दिवशी, घरी, हातमोजे घालून दोन-तीनदा चढवून पाहावी. ती सैल असेल तर वेगात वाऱ्याने फुगून फडफडते आणि शेवटी उडून जाते. टोपी चढवल्यावर बॅग वरून उघडता येत नाही, म्हणून पाऊस दिसू लागताच टोलचे पैसे आणि रुमाल जॅकेटच्या खिशात हलवावेत. बॅग कोणतीही असो, कागदपत्रे आणि विजेवर चालणाऱ्या वस्तू आत आणखी एका बंद पिशवीत ठेवाव्यात.

भरणे

बॅग कितीही लिटरची असली तरी वजनाची मर्यादा वेगळी असते आणि ती लेबलवर दिलेली असते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे हिशेबात धरले की दोन बाटल्यांतच बरीच मर्यादा संपल्याचे दिसते. मी स्वतः 3 किलोंच्या वर जात नाही. जड वस्तू तळाशी आणि हँडलच्या बाजूला, हलक्या व मऊ वस्तू वर आणि स्वाराच्या बाजूला, अशी मांडणी करावी. यामागे तोल आहेच, पण त्याहून महत्त्वाचे कारण सुरक्षेचे आहे. समोरून धडक बसली तर स्वार टाकीवरून पुढे फेकला जातो आणि त्याचे ओटीपोट व छाती प्रथम बॅगेवर आदळते. त्या ठिकाणी पान्हे, कुलूप किंवा स्टीलची बाटली असू नये. हत्यारांची जागा सीटखाली आहे. बॅगेच्या स्वाराकडील भागात हातमोज्यांचा दुसरा जोड, रेनकोट, पातळ जॅकेट अशाच वस्तू असाव्यात.

कॅमेऱ्यासाठी ही जागा मागच्या बॅगेपेक्षा बरी, कारण तेथे हादरे कमी बसतात. तरीही खाली फोमचा थर हवा. फोनच्या बाबतीत अधिक जपावे. मोटरसायकलच्या शक्तिशाली इंजिनाच्या कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते, असे ॲपल कंपनीने 2021 मध्ये स्वतःच जाहीर केले होते. फोन मऊ कपड्यांच्या थरावर ठेवला तर कंपन पुष्कळ शोषले जाते. माथ्यावरच्या पारदर्शक खिशात मात्र वेगळीच अडचण येते : भर उन्हात तो खिसा काचघरासारखा तापतो आणि फोन स्वतःहून बंद होतो. औषधेही तेथे ठेवू नयेत. टाकी इंजिनाच्या उष्णतेने खालूनही तापते, तेव्हा उष्णतेने बिघडणारी कोणतीही वस्तू तळाला टेकू देऊ नये.

नकाशा पाहण्यासाठी तो खिसा उपयोगी आहे, पण थांबल्यावर. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते. मान खाली घालून दोन सेकंद नकाशा वाचला तर 33 मीटर रस्ता न पाहता पार झालेला असतो. मीटरकडे टाकलेली नजर आणि टाकीकडे झुकवलेली मान यांत मोठा फरक आहे.

रस्त्यावर

बॅग भरून बसवल्यावर खोक्याने केलेली सारी तपासणी पुन्हा करावी. मग घराजवळच एक फेरी मारावी, तीत दोनतीन वेळा जरा जोराने ब्रेक लावावा, एका मोकळ्या जागी दोन्ही बाजूंना पूर्ण वळण घ्यावे आणि उतरून बॅग मूळ जागेवरून किती सरकली ते पाहावे. ती पुढे सरकली असेल तर मागचा पट्टा सैल आहे. प्रवासाला निघाल्यावर पहिल्या 10-15 किलोमीटरनंतर पुन्हा एकदा थांबून पट्टे चाचपावेत, कारण सामान बसते आणि बॅग ढिली पडते.

मागे कोणी बसणार असेल तर त्याला आधी सांगावे लागते. ब्रेक लागला की मागचा माणूस स्वाराच्या कमरेजवळून हात पुढे घालून टाकीवर तळवे टेकतो आणि स्वतःचा भार सावरतो. बॅग असताना ती जागा मिळत नाही. त्याने सीटमागच्या धरायच्या दांड्याला धरावे.

पेट्रोल भरताना बॅग पुढे उलटवून हँडलवर टेकवण्याची सवय अनेकांना असते. त्यापेक्षा ती पूर्ण काढावी. उलटवलेली बॅग मधेच घसरून नोझलवर पडते, शिवाय सांडलेले पेट्रोल तळाच्या रबराला लागले की ते फुगते आणि टाकीच्या रंगाला चिकटते. काढलेली बॅग सीटवर ठेवावी किंवा गळ्यात अडकवावी. जमिनीवर का ठेवू नये ते वर आलेच आहे. पेट्रोल भरल्यावर झाकणाभोवतीचा ओलावा पुसून, दोन मिनिटे वाळू देऊन मग बॅग बसवावी, म्हणजे कपड्यांना वास लागत नाही. काही गाड्यांच्या झाकणातूनच टाकीत हवा जाते. बॅगेच्या तळाने ते छिद्र घट्ट दाबले गेले, तर टाकीत पोकळी निर्माण होऊन इंजिनाला पेट्रोल पुरत नाही. तासाभराने इंजिन अडखळू लागले आणि झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर कारण तेच असते.

बॅगेत वीज आणायची असेल, तर लहान पॉवर बँक पुरते. बॅटरीवरून वायर घेतलीच तर तिला फ्यूज असावा, ती किल्ली बंद केल्यावर वीज तोडणाऱ्या जोडणीवर असावी आणि हँडलच्या खांबाजवळ तिला पुरेशी ढील असावी.

रंगाची आणि बॅगेची निगा

टाकीवर बॅगेखाली जाड पारदर्शक फिल्म लावणे उत्तम, पण फिल्म असो वा नसो, बॅग बसवण्यापूर्वी रोज सकाळी ओल्या मऊ कापडाने टाकी आणि बॅगेचा तळ पुसावा. ओरखडे बॅगेने पडत नाहीत, मध्ये अडकलेल्या धुळीने पडतात. मॅट रंगाच्या टाकीवर तर नुसत्या घासण्यानेही चकाकणारे पट्टे उमटतात आणि ते पॉलिशने जात नाहीत, उलट वाढतात. अशा टाकीवर फिल्म किंवा कड्याची बॅग यांशिवाय गत्यंतर नाही. मुक्कामी पोहोचल्यावर बॅग काढून सोबत न्यावी. चोरी टळते हे एक, आणि रात्रीच्या दवाने बॅग व टाकी यांच्यात ओल साठत नाही हे दुसरे.

प्रवास संपल्यावर बॅग पूर्ण रिकामी करावी, आतली धूळ झटकावी आणि कोमट पाणी व सौम्य साबण यांनी मऊ ब्रशने धुऊन सावलीत, झिप उघड्या ठेवून वाळवावी. वॉशिंग मशीनमध्ये ती घालू नये, आतला लेप सुटतो. पट्टे व बक्कले पाण्याखाली धरून त्यांतली वाळू काढावी, कारण बक्कल फुटते ते सहसा आत रुतलेल्या वाळूनेच. चुंबकाची बॅग असेल तर तिचे पाखे जुन्या कापडात गुंडाळून, हत्यारांपासून दूर, वरच्या फळीवर ठेवावी.